लापिएरची मॉर्गों वाईन: ऑगस्टपर्यंत ठेवू की आत्ताच उघडू?

मुग्धा_पुणे
मावसभाऊ फ्रान्समधल्या लिऑनहून येताना मार्सेल लापिएरची मॉर्गोंची एक बाटली घेऊन आला. लाल वाईन आहे, लेबलवर द्राक्षाची जात कुठेच लिहिलेली नाही, बारीक 'एन' अक्षर आहे. तो म्हणतो, छोट्या शेतावरची आहे, गंधक न घातलेली, लवकर संपव. मला ती बाबांच्या पंचाहत्तरीला ऑगस्टमध्ये उघडायची होती. आमच्याकडे वाईनचा वेगळा फ्रीज नाही आणि घर वरच्या मजल्यावर, एप्रिलपासून तापतं. टिकेल का? मटणाबरोबर चालेल का? आणि या शेताचं एवढं कौतुक कशाबद्दल, हेही कुणी सांगाल का?

निफाडचा_संदीप
मुग्धाताई, आधी बाटली फ्रीजमध्ये ठेवा, मग पुढचं वाचा. 'एन' म्हणजे गंधक न घातलेली; 'एस' असतं तिच्यात बाटली भरताना थोडं घालतात. गंधक वाईनचं राखण करतं. ते नसलं की उष्णतेत बाटलीतले जिवाणू पुन्हा कामाला लागतात.

मी द्राक्षबागायतदाराच्या घरातला, आता लिऑनला नोकरीला. विलिए-मॉर्गों हे गाव इथून गाडीने तासाभरावर आहे. सप्टेंबरात सुट्टी टाकून तिथल्या एका शेतावर काढणीला जातो (लापिएरांच्या नाही, पण त्याच शिवारात).

जात गामे. बोजोले या इथल्या वाईनच्या पट्ट्यातली लाल वाईन गामेचीच, म्हणून लेबलवर लिहायची गरज कुणाला वाटत नाही. बरगंडीच्या ड्यूकने १३९५ मध्ये ही जात उपटून टाका म्हणून हुकूम काढला होता. दक्षिणेकडच्या या टेकड्यांवर ती तग धरून राहिली. मॉर्गों हे बोजोलेतल्या दहा 'क्रू'पैकी (स्वतःच्या नावाने वाईन विकणाऱ्या खास शिवारांपैकी) एक, आणि त्यातली कोत द्यू पी ही टेकडी सर्वांत नावाजलेली.

मार्सेल लापिएरने घरची शेती १९७३ मध्ये हातात घेतली. तणनाशक, रासायनिक खत, पाकिटातलं यीस्ट, वरून साखर, असा तो काळ. पुढे ज्यूल शोव्हे या वाईनव्यापारी आणि रसायनतज्ज्ञाच्या संगतीत त्याने एकेक गोष्ट सोडली. तणनाशक बंद, आंबवण द्राक्षावर नैसर्गिकपणे असलेल्या यीस्टवर, गंधक शून्य किंवा नावापुरतं. आज ही फॅशन आहे. तेव्हा अख्खं पीक पणाला लावण्यासारखं होतं. २०१० मध्ये तो गेला. आता मुलगा मातिउ आणि मुलगी कामिय बघतात.

कौतुक कशाचं, ते बागेत वाकल्यावर कळतं. गामेची जुनी वेल गुडघ्याएवढी, ना मंडप ना तार. बुंध्यातून तीन-चार फांद्या वर आलेल्या आणि घड जवळजवळ जमिनीला टेकलेले. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या आसपास वेली बसतात. इथे हेक्टरी दहा हजारांपर्यंत, म्हणजे एकरी चार हजार. एवढ्या दाटीत तणनाशक न मारता गवत काढायचं म्हणजे काय, ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. उतारावर ट्रॅक्टर धड चालत नाही. माणूस आणि कुदळ. बाटलीची किंमत मला तिथे पटते.

काढलेला घड मणी न सोडवता अख्खाच टाकीत जातो. तळाचे मणी वजनाने चिरडतात, तो रस आंबायला लागतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. वरचे मणी मग हवेविना आतल्या आतच आंबतात. त्यामुळे फळाचा वास टिकतो आणि तुरटपणा कमी येतो. नंतर दाबयंत्रातून जो गोडसर, अर्धवट आंबलेला रस येतो त्याला इथे 'पारादी' म्हणतात. गढूळ जांभळा, जिभेवर चुरचुरणारा, आणि स्ट्रॉबेरीचा असा वास की काढणीचा शीण जातो.

आनंद_द
संदीप, इथे दुकानात 'शाश्वत शेती' छापाच्या फ्रेंच बाटल्या बऱ्याच दिसतात. म्हणजे विनाफवारणी का?

निफाडचा_संदीप
आनंदराव, विनाफवारणी कुणीच नाही. सेंद्रियवालेही मोरचूद आणि गंधक मारतात. आपलं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागातूनच आलं. युरोपात मोरचुदातल्या तांब्याला मर्यादा आहे, सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो. पाऊस झाला की फवारा धुऊन जातो, परत मारा. २०२४ साली डाऊनी या बुरशीरोगाने फ्रान्सभर असाच घाम काढला. पानामागे तीच पांढरी बुरशी, जी आमच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की दिसते.

शिक्क्यांचं म्हणाल तर 'तेरा विटिस' ही शाश्वत द्राक्षशेतीची खूण १९९८ मध्ये याच बोजोलेत सुरू झाली. तिच्यात रासायनिक औषध मोजूनमापून चालतं. सेंद्रियच्या 'एबी' शिक्क्यात चालत नाही. लापिएर सेंद्रियवाले. माझं मत विचाराल तर मी शिक्क्याआधी ओळींमधली जमीन बघतो. भर हंगामात ती जळल्यासारखी पिवळी दिसली तर तणनाशक मारलंय, मग बाटलीवर काहीही छापलेलं असो.

रेवती_नाशिक
मटणाचं मी सांगते. जास्त तुरट लाल वाईन तिखटाबरोबर जीभ भाजते, गामे त्या मानाने सौम्य. तरी तांबडा रस्सा नको. पांढरा रस्सा किंवा खोबऱ्यातलं सुकं करा, मिरची बेताची.

मुग्धा_पुणे
बाटली फ्रीजमध्ये गेली! ऑगस्टपर्यंत तिथे राहील का? की येत्या रविवारीच उघडू? बाबांना कारण लागत नाही.

निफाडचा_संदीप
रविवारी उघडा. घरचा फ्रीज सारखा उघडझाक होतो, मध्येच वीज गेली की तापमान चढतं. गंधक नसलेल्या बाटलीवर मी तो डाव खेळणार नाही. जेवायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, तेरा-चौदा डिग्रीला छान लागते. पुण्याच्या घरातल्या तीस डिग्रीला नुसतं अल्कोहोल नाकात जाईल. पहिल्या घोटाला किंचित चुरचुरली तर घाबरू नका, आत थोडा वायू राहिलेला असतो. जगमध्ये ओतून चार वेळा फिरवा. तळाशी गाळ असेल तर शेवटचा घोट ओतू नका. उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. बाबांना कशी वाटली ते मात्र नक्की लिहा.