ब्राउझरमध्येच सगळ्या साइटचे आणि पेजचे अपडेट एकत्र कसे बघायचे?

खाडीकाठचा (कोपरी, ठाणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो. मी राहायला कोपरीला, ऑफिस ऐरोलीत, आणि नाद पक्ष्यांचा. थंडी सुरू झाली की खाडीत फ्लेमिंगो कधी येतात याकडे डोळे लागलेले असतात. आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर पहिला थवा दिसला की त्यांच्या पेजवर फोटो टाकतात, मी ते पेज कितीतरी वर्षं फॉलो करतोय. या वेळी त्यांनी फोटो टाकला शनिवारी सकाळी आणि मला दिसला तो पुढच्या गुरुवारी, मधल्या दिवसांत माझ्यासमोर काय आलं तर कुणाकुणाच्या लग्नाची रील, मिक्सरच्या जाहिराती आणि तीच ती भांडणं. रविवारी मी घरीच होतो हो, लेकीला घेऊन गेलो असतो, ती महिनाभर विचारत होती. फार लागलं मनाला.

पूर्वी फायरफॉक्समध्ये लाइव्ह बुकमार्क होते, नारिंगी खूण दाबली की त्या साइटचे नवीन मथळे फोल्डरमध्ये आपोआप येऊन बसायचे. तसं काही आता आहे का? दोन-तीन पेपर, आठ-दहा ब्लॉग, काही यूट्यूब चॅनेल आणि जमलं तर ही सोशल मीडियावरची पेजं, सगळं तारखेच्या क्रमाने एका ठिकाणी हवंय. वेगळं अ‍ॅप नको, ब्राउझर उघडला की समोर पाहिजे.

नेरूळकर

तुमचं दुखणं तेच माझं होतं. पहिली गोष्ट म्हणजे आरएसएस फीड (साइटवर नवीन काय आलं त्याची आपोआप बनणारी यादी, तुमचे लाइव्ह बुकमार्क त्यावरच चालायचे) संपलेली नाहीत. १९९९ मध्ये नेटस्केप या जुन्या ब्राउझरवाल्यांनी ते काढलं, १ जुलै २०१३ ला फीड वाचायचं गूगल रीडर बंद झालं आणि डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या ६४ व्या आवृत्तीतून लाइव्ह बुकमार्क काढून टाकले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता हे गेलंच. पण गेली ती ब्राउझरमधली खूण, साइटवाले फीड अजून देतात, कित्येक ब्लॉगवाल्यांना तर आपण देतोय हेही माहीत नसतं कारण ब्लॉग ज्यावर चालतो ते वर्डप्रेस ते आपोआप बनवतं. वर्डप्रेसच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड टाकून बघा, बहुतेक वेळा उघडतं.

मी विवाल्डी वापरतो, ऑपेरा सुरू करणाऱ्यांपैकीच एकाने काढलेला ब्राउझर आहे. त्यात फीड रीडर आतच आहे, फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो, मग एखाद्या साइटला फीड असलं की पत्त्याच्या पट्टीत खूण दिसते, ती दाबायची आणि फॉलो करायचं, तुमच्या त्या नारिंगी खुणेसारखंच. यूट्यूब चॅनेललाही चालतं. फायरफॉक्स सोडायचा नसेल तर फीडब्रो नावाचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची जादा सोय) घ्या.

एक कळकळीची विनंती, पेपरचं मुख्य फीड घेऊ नका. दिवसाला एवढा ढीग पडतो की मास्तरांचा फोटो परत त्याच्याखाली गाडला जाईल. फक्त ठाणे-नवी मुंबईच्या पानाचं वेगळं फीड मिळालं तर तेवढंच घ्या.

घणसोली_४०

फीड सापडत नसेल तर पानावर कंट्रोल-यू दाबायचं, सोर्स उघडतो, त्यात आरएसएस किंवा अ‍ॅटम (फीडचाच दुसरा प्रकार) शोधायचं. पत्ता तिथेच असतो.

सानपाड्याची ताई

नेरूळकर दादांनी सगळं बरोबर सांगितलंय पण एक गोष्ट राहिली, मी स्वतः त्यात फसले म्हणून लिहिते. एक्स्टेंशन काय किंवा विवाल्डी काय, ब्राउझर चालू असतो तेव्हाच ते साइटवर जाऊन नवीन काय आलंय ते बघतं. आणि फीडमध्ये सगळं जुनं साठून राहत नाही, वर्डप्रेस मुळात शेवटच्या १० नोंदी देतं, यूट्यूब १५ व्हिडिओ. आम्ही गणपतीला गावी गेलो होतो, लॅपटॉप दहा-बारा दिवस बंद, परत येऊन उघडला तर एका बातम्यांच्या साइटच्या मधल्या सगळ्या नोंदी गायब, फक्त शेवटच्या दहा. तेव्हापासून जे अजिबात चुकवायचं नाही ते मी इनोरीडर या फीड वाचायच्या साइटवर ठेवते (फीडली पण तसंच आहे). ते त्यांच्या सर्व्हरवर सतत गोळा होत असतं, आपण ब्राउझरच्या एका टॅबमध्ये उघडायचं, आणि तेच मोबाईलच्या ब्राउझरमध्येही दिसतं, त्यामुळे ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून वाचता येतं. सगळी यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येते ती मात्र अधूनमधून उतरवत जा, उद्या रीडर बदलला तर परत एकेक शोधत बसावं लागत नाही.

सोशल मीडियाचं सरळ सांगते. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या साइटवर कुणाच्याही प्रोफाइलच्या पत्त्यापुढे डॉट आरएसएस लावलं की फीड मिळतं, तशाच ब्लूस्कायवरही मिळतं. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचं ट्विटर) यांच्याकडे ती सोय नाही, ट्विटरने तर २०१३ मध्येच बंद केली. मधले काही जण अशा पेजचं फीड बनवून देतात, मी एक वापरत होते, एका सकाळी सगळी फीड रिकामी आणि समोर पैसे भरा म्हणून पाटी. त्यावर भिस्त ठेवू नका. फेसबुकला 'फीड्स' म्हणून वेगळं पान आहे, तिथे नवीन ते आधी या क्रमाने दिसतं, त्याचा बुकमार्क करून ठेवा. आणि टेलिग्रामचं सार्वजनिक चॅनेल असेल तर ते लॉगिन न करता ब्राउझरमध्ये वाचता येतं.

पण खरं सांगू का दादा, मास्तरांनाच विचारा की. त्यांचा ब्लॉग आहे का बघा.

खाडीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून खरंच मास्तरांना फोन केला. त्यांचा जुना ब्लॉग आहे गूगलच्या ब्लॉगरवर, चार वर्षं हात लावला नव्हता, म्हणाले इथे कोण येतं वाचायला. मी म्हटलं सर मी येतो, तुम्ही आधी तिथे टाका. घणसोलीकरांच्या युक्तीने सोर्समधून पत्ता काढला, शेवटी फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट असं होतं, आणि इनोरीडरमध्ये टाकला. यूट्यूब आणि बाकीचे ब्लॉग विवाल्डीत, एकूण १४ झाले. पेपर एकच ठेवला, ठाण्याच्या पानाचा.

आज सकाळी टॅब उघडला तर सगळ्यात वर मास्तरांची नोंद, भांडुप पंपिंगच्या बाजूला थवा उतरलाय, फोटोत गुलाबी पट्टा आणि मागे वाफाळलेली खाडी. लेक दात घासत होती, ब्रश तोंडात तसाच ठेवून बघत उभी राहिली. ऐरोलीच्या फ्लेमिंगो दाखवणाऱ्या केंद्रातून बोट भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, शनिवारची भरती किती वाजता आहे तेवढं आता बघतोय.