खिचडीच्या वेळी वर्गात दोन रांगा पडतात, त्या मोडायच्या कशा?

चोपड्याची_नवी_बाई

नमस्कार मंडळी. मी मूळची सातारकडची, गेल्या वर्षी बदलीत चोपडा तालुक्यात आले, सातपुड्याच्या पायथ्याला. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट 43, शिक्षक आम्ही दोघं. तिसरी-चौथी माझ्याकडे.

अर्धी मुलं गावातली, घरी अहिराणी बोलणारी. अर्धी पावरा आदिवासी, काही शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदारांची आणि काही वरच्या पाड्यावरून चालत येणारी, ती आपसात पावरी बोलतात. आणि मी मधे उभी, मला दोन्ही धड येत नाही 😅

पोषण आहाराची खिचडी वाढायला घेतली की व्हरांड्यात आपोआप दोन रांगा. कोणी सांगत नाही, पडतातच. जुलैत मी एक दिवस हजेरी नंबरप्रमाणे बसवलं तर चौथीतल्या एकीने ताट तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत, म्हणे आमच्या पोरीला कुठंही बसवू नका. मग गटकार्यात एकजण सरळ सगळ्यांसमोर बोलली, "माले नही बठानं तेना जोडे", म्हणजे मला त्याच्याजवळ नाही बसायचं. ज्याच्याबद्दल बोलली तो तिसरीतला मुलगा काहीच म्हणाला नाही, दप्तर उचललं आणि दाराजवळ जाऊन बसला, आणि नंतर तीन दिवस आलाच नाही. आता येतो पण दाराजवळच बसतो.

मी मैत्रीची भिंत केली, परिपाठात समतेच्या गोष्टी सांगितल्या, सगळ्यांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. म्हणतात छान, खणखणीत म्हणतात, आणि खिचडीला परत दोन रांगा. काय करू?

निवृत्त_मास्तर_अमळनेर

ताई, प्रतिज्ञा पोरं रोजच म्हणतात, "सारे भारतीय माझे बांधव आहेत" हे पाठ होऊन किती वर्ष झाली, त्याने रांग मोडली असती तर तुम्हाला इथं विचारायची वेळच आली नसती.

तुम्ही रांग मोडायला गेलात तिथं गडबड झाली असं मला वाटतं. रांग राहू द्या, वाढपी बदला. आमच्या शाळेत मी वाढायच्या जोड्या लावल्या होत्या, एक गावातला एक वस्तीवरचा, एकाच्या हातात पळी, दुसऱ्याच्या हातात पाण्याचा जग, आठवडाभर तीच जोडी. वाढणाऱ्याला सगळ्यांपुढून जावंच लागतं, आणि पोर शेवटी ज्याच्या हातात पळी त्याच्याशी गोडच बोलतं, जास्तीची खिचडी पाहिजे असते ना! दोन-तीन महिने लागले पण रांगेत फटी पडल्या.

दुसरं, हजेरी. आपण "हजर" एवढं ऐकून पुढे सरकतो. मी आदल्या दिवशी न आलेल्या पोराला रोज विचारायचो, "काल का बरं नही ऊना?", म्हणजे काल का नाही आलास, रागावून नाही. मग एक दिवस मी स्वतःच तापाने गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग माझ्यावर ओरडला, गुरुजी काल का बरं नही ऊनात 😄

आमच्या अमळनेरात साने गुरुजी 1924 ला शिक्षक म्हणून आले, मग छात्रालय सांभाळायला लागले. पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, कपड्यांच्या घड्या करून ठेवायचे, अशा आठवणी इथं जुनी माणसं सांगत. पोरांना "स्वच्छता राखा" सांगण्यापेक्षा ते जास्त लागू पडलं असणार. तुम्ही खिचडी कुठे बसून खाता ताई?

चोपड्याची_नवी_बाई

गुरुजी, ऑफिसात. डबा आणते घरून. कळलं मला 🙏

रावेरचा_केळीवाला

मी शिक्षक नाही, केळी लावतो, पण तीन वर्ष झाली शाळा व्यवस्थापन समितीत आहे म्हणून बोलतो. पोरांचं काही नाही हो, पोरं आमचं बघून करतात. सालदाराचं पोरगं घरी आलं की त्याला चहा वेगळ्या कपात देणारे आम्हीच, आणि मग शाळेत दोन रांगा कशा काय पडल्या म्हणून आम्हीच विचारणार. त्या पोरीच्या आईशी भांडू नका पण तिचं ऐकूही नका. सरळ सांगा, वहिनी, पोरीला खिचडी नको असेल तर नका खाऊ देऊ, पण कोणी कुठं बसायचं ते शाळा ठरवेल.

कायद्यात लिहिलंय समितीत 75 टक्के पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, वंचित घटकातले त्यांच्या प्रमाणात पाहिजेत. आमच्याकडे कागदावर होतं सगळं. पण मीटिंग सकाळी अकराला, आणि अकराला सालदार कुठं असतो तर माझ्याच बागेत घड कापत असतो, तो येणार कसा, त्याची बायको येणार कशी, मग अंगठा घ्यायला रजिस्टर घरी पाठवायचं. हे लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं, लाज वाटते सांगायला. मग आम्ही मीटिंग संध्याकाळी सातला ठेवली आणि एकदा शाळेत न घेता शेतातल्या खोल्यांजवळच घेतली, खाली पोतं टाकून. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा एक बाई बोलली की पोराला लघवीला जायचं कसं विचारायचं ते मराठीत येत नाही म्हणून तो सकाळी पाणीच पीत नाही. सगळे गप्प. गुरुजींनी तिथंच हाताची खूण ठरवली, करंगळी वर.

अजून एक, सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. तेव्हा शेत बदललं की पोराची शाळाही बदलते. आखाजीनंतर कोण जाणार कोण येणार ते आधीच विचारून ठेवा, जूनमधे नवीन पोर एकदम दारात उभं राहतं आणि त्याची जागा कोणालाच माहीत नसते.

नुसता_वाचक

सगळं बरोबर पण 43 पोरं, दोन शिक्षक, यूडायसवर शाळेची माहिती भरा, फोटो अपलोड करा, निपुणची वाचन-गणिताची चाचणी घ्या, त्यात हे प्रेमबिम कधी करायचं ते पण सांगा कोणीतरी.

धडगावची_पावरीण

ते दाराजवळ बसणारं पोर मी होते. म्हणून लिहिते.

पहिलीत मला काही कळायचं नाही, बाई काय बोलते, पोरी का हसतात. मी मुकी आहे असं वर्गात सगळ्यांना वाटायचं आणि हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं. दुसरीत वेगळ्या बाई आल्या. त्यांनी एक दिवस अंक शिकवताना मला विचारलं तुमच्यात एक ते दहा कसं म्हणतात, मी अगदी हळू म्हटलं. त्यांनी माझ्या मागून म्हटलं आणि चुकवलं, मी हसले, परत चुकवलं, मी सुधारलं. बाई मुद्दाम चुकत होत्या हे मला मोठेपणी कळलं. त्या दिवशी वर्गाला कळलं की मला बोलता येतं.

नवीन बाई, तुम्ही पावरी शिका, दहा-पंधरा शब्द तरी. पण तो मुलगा दाराजवळ बसलाय त्याला सगळ्यांसमोर विचारू नका. मोठ्या मुलांपैकी पावरी येणारा असेल त्याच्याकडून शिका, तुम्ही शिकताय हे त्याच्या कानावर पडू द्या, बास.

आणि हात जोडून एक सांगते, आमचं प्रदर्शन करू नका. 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला, आम्हाला पागोटं घालून नाचवायचं, ढोल वाजवायला सांगायचं, फोटो काढायचा, आणि 10 ऑगस्टला परत दाराजवळ. आमच्या वर्गातल्या पोरींना माझं नाच येणं माहीत होतं, माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं.

त्याला सगळा वर्ग मित्र व्हायची गरज नाहीये. एक पुरतो. मला एक गुजर मुलगी मिळाली होती, ती कैरी आणायची आणि मी मीठ. अजून फोन करतो एकमेकींना.

डाएटवाला_धुळे

मी डाएटचा, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेतला. धडगावच्या ताईंनी लिहिलंय त्यापुढे मी फार काय सांगणार, तरी एक उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियात 1980 च्या दशकात प्राथमिक शाळांमधे चाइल्ड डेव्हलपमेंट प्रोजेक्ट म्हणून काम सुरू झालं. मुलाला शाळा ही आपली मंडळी वाटली तर त्याचं वागणं आणि शिकणं दोन्ही बदलतं, असा त्यांचा विचार. त्यात बक्षिसं आणि शिक्षा बाजूला ठेवून वर्गाच्या बैठका घ्यायचे, मोठ्या वर्गातलं मूल लहान वर्गातल्याशी जोडून द्यायचे, मुलांनी घरी बोलून यायचे प्रश्न द्यायचे आणि अख्ख्या शाळेने मिळून काहीतरी करायचे. तिकडचं तसंच्या तसं उचला असं म्हणत नाही.

बैठक म्हणजे आपली बालसभाच. पण आपली बालसभा म्हणजे जयंतीची भाषणं. त्याऐवजी शनिवारी गोल बसा, एकच अडचण ठेवा, कोणाचं नाव घ्यायचं नाही, "नवीन आलेल्याला कसं वाटत असेल" वगैरे. उपाय मुलांनीच सांगायचा, आठवडाभर करून बघायचा, पुढच्या शनिवारी जमलं का विचारायचं. पुढच्या शनिवारी विचारणं विसरलात तर सगळं फुकट, मी स्वतः विसरलेलो आहे.

मला जास्त आवडतो तो घरचा प्रश्न. त्याला आईबापाला लिहितावाचता यायची गरज नाही. "माझं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं" हे घरी विचारून या, उद्या वर्गात सांगा. झालं. नुसता वाचक साहेब, याला दहा मिनिटं लागतात, तुमचा परिपाठ त्याहून लांब असतो.

नुसता_वाचक

बरं. हे जमेल.

चोपड्याची_नवी_बाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मधे चाचण्या होत्या.

डबा बंद केला. मुलांबरोबर खिचडी खाते, दोन्ही रांगांच्या मधे कोपऱ्यात बसून. पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते, जेवलंच नाही कोणी नीट. वाढायच्या जोड्या सुरू आहेत, गुरुजी, पळीवरून भांडणं होतात पण ती पळीवरूनच होतात. त्या आई परत आल्या होत्या, मला खाताना बघितलं, काही बोलल्या नाहीत, गेल्या. राग गेलाय की वाढलाय ते माहीत नाही.

पावरी शिकतेय, पाड्यावरचा चौथीतला एकजण शिकवतो आणि फार ओरडतो.

नावाचा प्रश्न दिला. गावातल्या बहुतेकांचं उत्तर एकच, फुईने, म्हणजे आत्याने ठेवलं. दाराजवळच्या मुलाला मी विचारलं नाही, सगळ्यांचं झाल्यावर तो आपणहून उठला आणि म्हणाला मी ज्या वारी जन्मलो तेच माझं नाव. एवढंच बोलून बसला. मग वर्गात गोंधळ, बाई मी कोणत्या वारी जन्मलो? तारीख सगळ्यांना माहीत, जन्मदाखल्यावर आहे, वार कोणाला माहीत नाही. सगळे घरी विचारून आले. "नही बठानं" म्हणणाऱ्या मुलीच्या आईला आठवेना, आजीला आठवला, मंगळवार. ती सकाळी आल्या आल्या सगळ्यात आधी त्याला सांगायला गेली, कारण वारांचा मालक आता तो आहे. त्याने तिला सांगितलं मग तुझं नाव मंगली झालं असतं. ती चिडली. पण सध्या वर्गात तिला मंगलीच म्हणतात आणि ती ओ देते.

तो अजून दाराजवळच बसतो. रांगा आहेत, थोड्या वाकड्या झाल्यात.

आता दुसरी चिंता. दिवाळीनंतर पाड्यावरची सात मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातकडे जाणार, होळीपर्यंत येणार नाहीत. हंगामी वसतिगृहाचं बोलणं चालू आहे पण घरचे ठेवायला तयार नाहीत. एवढं जुळत आलेलं परत सुटणार. कोणी काय केलंय का अशा वेळी?

धडगावची_पावरीण

मुकादमाचा नंबर घ्या, टोळी निघायच्या आधी. त्याच्याकडे फोन असतोच. दर शनिवारी वर्गाने मिळून आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, फार नाही, अर्धा मिनिट, कोण पडलं, शाळेतल्या कुत्रीला पिल्लं किती झाली, असलं. अभ्यास पाठवू नका, तो ऐकणार नाहीत. आणि बसायच्या जागा रिकाम्या ठेवा, पट्टी सरकवू नका. आम्ही होळीला परत यायचो तेव्हा आधी तेच बघायचो.

रावेरचा_केळीवाला

आणि ज्यांची आजी पाड्यावर राहते तिथं समितीतले दोघं जाऊन बसा, ताई एकट्या जाऊ नका, शिक्षक गेला की त्यांना वाटतं पटासाठी आला. आजी हो म्हणाली तर सातातली दोन-तीन तरी राहतील. लागणाऱ्या ज्वारीचं आपण बघू.