मदत हवी आहे : बदकाचा फ्लू विषाणू कोंबडीत सहज का रुजत नाही?

गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध तलावाजवळच्या गावात मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित बदके उतरतात आणि गावातल्या कोंबड्या त्याच काठावरचा, पिसे-विष्ठा मिसळलेला चिखल उकरून दाणे टिपतात. त्यामुळे मुलांचा हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

विषाणूच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरील सियालिक आम्लाला (शर्करासाखळीच्या टोकाच्या रेणूला) चिकटते आणि पक्ष्यांतील विषाणूंची पसंती अल्फा-२,३ जोडणीला, तर माणसांतील विषाणूंची अल्फा-२,६ जोडणीला असते (सियालिक आम्ल मागच्या शर्करेला जोडले जाण्याच्या या दोन पद्धती), इथपर्यंत मी शिकवले आहे. बदकात संसर्ग मुख्यतः आतड्यात होतो, तर कोंबडीच्या श्वासनलिकेत दोन्ही जोडण्यांचे ग्राही (विषाणू ज्यांना चिकटतो ते रेणू) आढळतात, हेही वाचले. अडचण यापुढची आहे. अल्फा-२,३ ग्राही दोघांतही असताना फरक पडतो तो सियालिक आम्लामागच्या शर्करांची जोडणी आणि त्यांवरील सल्फेट वा फ्यूकोज यांमुळे, असे दिसते. परंतु कोंबड्यांत रुळलेल्या अनेक विषाणूंत न्यूरामिनिडेजचा (सियालिक आम्ल तोडून पकड सोडवणाऱ्या विकराचा) देठही, म्हणजे त्याला विषाणूच्या पृष्ठभागापासून उंच धरणारा भागही, आखूड झालेला असतो.

माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, फळा-खडूवरच समजवायचे आहे. लस किंवा उपचारांविषयी मला विचारायचे नाही. हिमॅग्लुटिनिनची पकड आणि ती सोडवणारे न्यूरामिनिडेज यांचा तोल कोंबडीत शिरताना नेमका कसा बदलतो, आणि त्यात आखूड देठाचा विषाणूला कोणता उपयोग होतो?