प्रार्थना कोरडी पडली असताना विश्वासात टिकून कसे राहावे?

साधी_उपासक (प्रश्न):
जय ख्रिस्त. गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून ते अंथरुणाला खिळून आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, त्यामुळे पहाटे शास्त्रवाचनाच्या वेळी माझे डोळे उघडत नाहीत. प्रार्थनेला बसले तर एवढेच ओठांवर येते की, प्रभू, हे कोठवर? मंडळीतील काही वडीलधारी माणसे प्रेमानेच सांगतात की विश्वास दृढ असता तर बाबा एव्हाना उठून बसले असते, आणि ते ऐकून मी अधिकच खचते. देवाकडे तक्रार करणे हे पाप आहे का? आणि अशा काळात टिकून राहायचे म्हणजे रोज नेमके काय करायचे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

जुना_करार:
ताई, बायबलमधील तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, तेव्हा तो विचारायला तुम्ही संकोचू नका. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी स्तुतीकडे वळतही नाही. तरीही ते देवालाच हाक मारून सुरू होते आणि उपासनेच्या ग्रंथात मानाने बसले आहे. मुलेबाळे, संपत्ती, आरोग्य सारे गमावलेल्या ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला, आणि अखेरीस देवाचा कोप झाला तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्याच्या मित्रांवर. याच ईयोबाला याकोबाने आपल्या पत्रात धीराचे उदाहरण म्हणून पुढे केले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. त्याला मिळाले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर. पौलाचा विश्वास उणा होता असे आपल्या मंडळीत कोणी म्हणणार नाही, मग तुमच्याबाबतीत तरी का म्हणावे?

मुक्तीची_वाचक:
मला पंडिता रमाबाई आठवतात. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच 1882 मध्ये पती गेले. पदरात लहानगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला तरी ख्रिस्त स्वतः सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. त्या कोरड्या वर्षांत त्या थांबून राहिल्या नाहीत: 1889 मध्ये मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. धर्मांतराच्या आरोपावरून 1893 मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या, तरी काम चालूच राहिले, आणि 1896-97 च्या दुष्काळातील अनाथ मुली-विधवांना केडगावात आसरा मिळाला. 1921 मध्ये मनोरमाबाईही गेल्या. तेव्हा आजारी असलेल्या रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या गेल्या. मला यातून असे दिसते की मन भरून येण्याची वाट न पाहता त्या समोरचे काम देवासाठी करीत राहिल्या. ताई, बाबांची कूस बदलताना ‘प्रभू, दया कर’ एवढे म्हटले, तरी ती तुमची त्या रात्रीची पुरी प्रार्थना आहे असे मी मनापासून मानते.

वसईकर:
वरील दोघांशी मी सहमत आहे. मात्र एक गोष्ट राहून गेली. मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या त्या घरी पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि छप्पर उसकटून खाली सोडले. येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्याला क्षमा केली असे तिथे लिहिले आहे, त्या आजाऱ्याच्या विश्वासाची चौकशी कोणी केलेली नाही. विश्वास कमी पडला असे सांगायला येणाऱ्यांनी आधी खाटेचा एक कोपरा धरावा, हे मी थोडे स्पष्टच लिहितो. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या परिसरात) असे घर असले की शेजारचे लोक आळीपाळीने रात्री बसतात आणि तिथेच रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात. तुमच्या पाळकांना या रविवारी भक्तीनंतर गाठा आणि केवळ प्रार्थनेची विनंती न करता आठवड्यातून दोन रात्रींसाठी माणूस मागा. कूस कशी बदलायची हे त्यांना एकदा दाखवून द्या आणि त्या रात्री तुम्ही झोपा.