राखणदाराची विडी बंद करायची का?

कलमवाला

वेंगुर्ल्याजवळ आमची साठेक हापूसची कलमं आहेत. बांधाच्या टोकाला सातविणीचं जुनं झाड आणि त्याच्या बुडाशी बिनघडणीचा एक दगड. तोच आमचा राखणदार, म्हणजे जागा सांभाळणारा देव. दिवाळी सरली की त्याला राखण द्यायची: एक गावठी कोंबडा, नारळ, तांदळाचा रोट, विडीचं बंडल, काडेपेटी आणि एक क्वार्टर.

एरवी बाबांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही. पण त्या दिवशी एक विडी स्वतः पेटवून, झुरका मारून, खोकत खोकत दगडावर ठेवायचे. मग सगळे गप्प उभे. विडी शेवटपर्यंत जळली की त्याने मान्य केलं. मध्येच विझली की गाऱ्हाणं घालणारा गावकर मान हलवणार, "कायतरी चुकला." पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा दुसरी विडी. दमट हवेत एकदा चार लागल्या होत्या.

बाबा गेल्यानंतरची ही पहिली राखण. दादा पुण्यात असतो, तो म्हणतो आता बंद. मला वाटतं चालू ठेवावी. राखणदार आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण बंद करण्याइतकं माझं त्याच्याशी वाकडंही नाही. बोला.

तर्कट

दादाचं बरोबर आहे. कोंबडा कोण खातं? तुम्हीच. क्वार्टर कोण पितं ते तर विचारायलाच नको. माकडं कलमांवर उतरतात तेव्हा तुमचा राखणदार कुठे असतो? तेव्हा नेपाळी गुरखा बेचकी घेऊन रात्रंदिवस धावतो, आणि त्याला तुम्ही पत्र्याच्या खोपीत झोपवता. खऱ्या राखणदाराला पत्रा आणि दगडाला क्वार्टर! शिवाय 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असले प्रकार बसतात, हेही लक्षात ठेवा.

काळा कोट

तर्कटराव, कायदा वाचून बोला. तो नरबळी आणि अमानुष, अघोरी प्रथांविरुद्ध आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणूक, दहशत असे प्रकार त्याच्या अनुसूचीत येतात. बांधावर नारळ फोडणारा त्यात येत नाही. ज्या डॉ. दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं आणि ज्यांच्या खुनानंतर हा कायदा आला, त्यांचीही देवाधर्माला बंदी घाला अशी मागणी नव्हती. विरोध जरूर करा, पण कायद्याचा बागुलबुवा उभा करू नका. तोही एक प्रकारचा देवचारच, म्हणजे न दिसणारं भूतच झाला.

दर्यासारंग

माका एक सांगा, ह्या पुण्यातल्या दादान कधी रातीचा एकट्यान त्या बांधावरसून चलान बघितल्यान हा? आमच्या घराकडे अजून राखण देतत. "बा देवा म्हाराजा, जो कोण तू ह्या जाग्याचो राखणदार आसशीत, तुका ही विडी-काडी, कोंबो-नारळ दिलो हा, तो मानून घे, चुकला माकला माफ कर, लेकराबाळांक सांभाळ", आणि सगळ्यांनी म्हणूचा, "व्हय म्हाराजा!" ह्या गाऱ्हाण्यात मुंबयची, परदेशातली, सगळी माणसा नावानिशी येतत. वर्षभर एकमेकांचा त्वांड नाय बघणारे भाऊ त्या दिवशी एका पंगतीक बसतत. दगड बाजूक ठेवा, ह्या काय कमी आसा?

तर्कट

भावांना एका पंगतीला बसवायला कोंबडा पुरतो. भुताची गरज काय?

दर्यासारंग

बोलवून बघा नुसत्या कोंब्यावर. येवचे नाय.

सत्तरीकर

आमच्या गोव्यात हाच देवचार. त्याला रोट आणि सोरो, म्हणजे दारू. म्हापशाचा बोडगेश्वर हा अख्ख्या शहराचा राखणदार, हातात दंडुका घेऊन रात्री फिरतो म्हणतात. त्याच्या जत्रेत हिंदू असतात तसे ख्रिस्तीही असतात. तुमच्या वेंगुर्ले तालुक्यातलंच आरवली घ्या. तिथल्या वेतोबाला लोक केळीचे घड देतात आणि चामड्याच्या हातभर वहाणा वाहतात. रात्री गावाची फेरी मारून त्या झिजतात अशी श्रद्धा. राखणारा माणसासारखाच आहे, त्याला पाय दुखतात, तल्लफ येते, भूक लागते. हे मला फार आवडतं. सोन्याचा मुकुट मागणाऱ्या देवापेक्षा विडी मागणारा परवडला.

पण एक प्रश्न मलाही छळतो. 2025 च्या मार्चमध्ये पर्वरीला उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वर देवाचा वड हलवला. त्या वडाखाली पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हात जोडले होते. लोक रस्त्यावर आले, आक्रोश झाला, तरी यंत्रं थांबली नाहीत. माझी आजी असती तर म्हणाली असती, थांब, बघ काय होतं ते. मी अजून बघतोय.

देवराईवाला

म्हणूनच भीती संपली की काय होतं ते बघा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने राखलेले रानाचे तुकडे उभे होते. त्यात अशी झाडं, अशा वेली, ज्या इतरत्र दिसेनात. वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, नाहीतर चाळा लागेल, म्हणजे तिथली बाधा होईल. वनखात्याच्या पाटीपेक्षा हे स्वस्त होतं आणि चालत होतं.

पालघरकडे वारली आदिवासींचा वाघदेव, वाघोबा बघा. 2021 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाची 150 ठाणी नोंदली आहेत. वाघबारशीला त्याचा मान द्यायचा आणि आमच्या वाटेला जाऊ नकोस म्हणायचं. बिबट्या शेळी नेतोच. पण ज्याला वर्षातून एकदा नैवेद्य दिला त्याला विष घालायला हात जरा जड जातो.

जांभ्याचा चिरा

देवराईवाले, हे जुनं झालं. आता जमिनीवर काय चाललंय ते सांगतो, मी चिरेखाणीच्या धंद्यात बारा वर्षं काढली. राई तोडायची असली की पहिलं काम काय? देवाला कौल लावायचा. कौल उजवा मिळेपर्यंत लावायचा. मग जागेवाल्या देवाला एकाऐवजी दोन कोंबडे, दारूची आख्खी बाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी. जेसीबीच्या पुढच्या काचेवरसुद्धा लिंबू-मिरची. कोंबडा दिला की आपण मोकळे, ही जी सोय आहे ना, ती झाड तोडणाऱ्याच्याच कामाची. पूर्वी मान म्हणून देत असतील, आता ती सरळ लाच आहे. आणि लाच घेतो म्हटल्यावर राखणदाराचा वचक काय राहणार?

देवराईवाला

याला माझ्याकडे उत्तर नाही. असं होताना मीही पाहिलंय.

परुळ्याची सून

सगळे पुरुषच बोलताहेत, साहजिक आहे. आमच्या घरी राखणेच्या जागेवर बायकांनी जायचंच नाही. तिथेच शिजवायचं, तिथेच खायचं, उरलेलं घरात आणायचं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी वाटण वाटून दिलं, पाट्यावर, दोन तास. त्या मटणाचा वासही मला मिळाला नाही. सासरे गेल्यापासून शेत मी करते, लावणीपासून मळणीपर्यंत. यंदाही कोंबड्याचे पैसे मी दिले आणि गाऱ्हाण्यात नाव घेतलं दिराचं, जो सात वर्षांत बांधावर आलेला नाही. कलमवाले, चालू ठेवायचं तर ठेवा, पण तुमच्या बहिणी असतील तर त्यांना पण बांधावर न्या. विडी विझली तर विझली.

तर्कट

बघा, एवढ्या वेळात पहिला मुद्द्याचा प्रतिसाद. पण ताई, अशा प्रथेत जागा मागण्यापेक्षा ती सोडलेली बरी नाही का?

परुळ्याची सून

तुम्ही सोडा. माझं शेत आहे, मी का सोडू?

सत्तरीकर

एक छोटी विनंती. देणार असाल तर पानावर द्या. आमच्या घाटातल्या देवचाराच्या दगडाभोवती गेल्या पावसाळ्यानंतर काय होतं सांगू? काचेचे तुकडे, वेफर्सची पाकिटं आणि थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या, बुच्चं उघडून ठेवलेल्या, म्हणजे त्याला प्यायला सोपं जावं. एका बाटलीत स्ट्रॉसुद्धा होता.

दर्यासारंग

स्ट्रॉ!

कलमवाला

सगळ्यांचे आभार. तर्कट, गुरख्याचं बोलणं लागलं. खोपीचा पत्रा मे महिन्यात तापतो ते मी स्वतः बघितलंय, तरी कधी मनावर घेतलं नाही. यंदा कौलं घालतो. ताई, मला दोन बहिणी आहेत आणि दोघींना हा धागा पाठवलाय. धाकटी म्हणाली, "येते, पण विडी मी पेटवणार." मोठी घाबरते.

पण गंमत अशी झाली की आम्ही इथे भांडत असतानाच काल दुपारी गावाहून गावकराचा फोन आला. तिथी टळत होती म्हणून त्याने राखण परस्पर देऊन टाकली, खर्चाचं काय ते विचारत होता. मी दादाला घाबरत घाबरत कळवलं. दादाने एक शब्द न बोलता पैसे पाठवले. क्वार्टरचे तेवढे कापून.