घरच्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांसाठी वेगळं अकाउंट करायचंय, विंडोज ११ मध्ये गेस्ट सापडत नाही

खतावणी
नमस्कार मंडळी. घरी एकच डेस्कटॉप आहे, विंडोज ११ होम, त्यावरच मी चार-पाच दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते, सगळा डेटा डी ड्राइव्हमध्ये. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रिंटर-स्कॅनर फक्त आमच्याकडे, त्यामुळे जून-जुलै आला की कोणी अकरावीचा फॉर्म भरायला, कोणी कॅप राउंडचे ऑप्शन टाकायला येतंच, आणि सुट्टीत भाचेमंडळी गेम खेळायला. नाही म्हणवत नाही आणि म्हणायचंही नाहीये, पोरं आली की घर भरल्यासारखं वाटतं.

पण गेल्या मे महिन्यात भाच्याने गेमला जागा कमी पडतेय म्हणून डी मधलं एक फोल्डर शिफ्ट डिलीट केलं (म्हणजे रिसायकल बिनमध्येही न जाता कायमचं उडतं) आणि ते नेमकं एका दुकानाचं निघालं. बॅकअप पेनड्राइव्हवर होता पण १२ दिवस जुना. मग बिलांचा गठ्ठा परत मागवला आणि रात्री २ पर्यंत बसून एंट्र्या घातल्या, तो बिचारा शेजारी बसून एकेक बिल वाचून दाखवत होता, रडवेला झालेला. त्याला काय बोलणार, चूक माझीच, मी त्याला माझ्याच लॉगिनवर बसवलेलं.

विंडोज ७ ला कंट्रोल पॅनेलमधून गेस्ट चालू करता यायचं. इथे व्हिडिओ बघून कमांडने चालू केलं तरी लॉगिनला नाव येतच नाही. काय करू?

रात्रपाळी
ताई, ते येणार नाही. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हापासूनच ते तयार गेस्ट अकाउंट वापरता येत नाही, नाव आत कुठेतरी शिल्लक आहे पण लॉगिन होत नाही, त्या व्हिडिओंच्या मागे लागू नका. साधं लोकल अकाउंट करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अॅड अकाउंट. तिथे ईमेल मागेल, तो द्यायचा नाही, खाली 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' वर क्लिक, पुढच्या पानावर 'अॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव 'गेस्ट' टाकलंत तर घेणार नाही, ते राखीव आहे, 'पाहुणे' टाका. पासवर्ड रिकामा सोडला तरी चालतं, मग ते तीन सिक्युरिटी प्रश्नही विचारत नाही. अकाउंट टाइप स्टँडर्ड युजर असा आपोआप येतो, तो तसाच ठेवा, अॅडमिनिस्ट्रेटर करू नका.

आणि सगळ्यात आधी तुमच्या स्वतःच्या अकाउंटला पासवर्ड आहे ना बघा. नसेल तर पाहुणे अकाउंटवरून काही इन्स्टॉल करताना अॅडमिनचा पासवर्ड मागतो तिथे रिकामंच ठेवून येस दाबलं की काम होतं, म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं.

निवांत_दुपार
एवढं कशाला, फॉर्म भरायला क्रोमची गेस्ट विंडो उघडून द्यायची, बंद केली की हिस्टरी, पासवर्ड सगळं जातं. आमच्याकडे तेच चालतं.

दुरुस्तीवाला
@निवांत_दुपार क्रोमपुरतं ठीक, पण डाउनलोड केलेली फाइल डाउनलोड्समध्ये राहतेच, आणि डी ड्राइव्ह तर सताड उघडा असतो. ताईंचं नुकसान ब्राउझरमधून झालेलंच नाही.

आता खतावणी ताई, नीट वाचा कारण इथेच सगळे फसतात. नवीन स्टँडर्ड अकाउंट केलं की तुमचे सी मधले डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप त्याला दिसत नाहीत, ते विंडोज स्वतः सांभाळतं. डी ड्राइव्हचं तसं नाही. तिथे 'ऑथेंटिकेटेड युजर्स' ला मॉडिफायची परवानगी आधीपासून दिलेली असते, म्हणजे त्या मशीनवर लॉगिन झालेला कोणीही तिथलं उघडू शकतो, बदलू शकतो, उडवू शकतो. आणि आपल्याकडे तर प्रत्येक कॉम्प्युटरवाला सांगतो की विंडोज उडालं तर डेटा जाऊ नये म्हणून सगळं डी मध्ये ठेवा (मीही तेच सांगतो). म्हणजे नुसतं अकाउंट करून भाच्याला बसवलं असतं तरी ते फोल्डर तसंच उडालं असतं.

उपाय आहे. हिशेबाच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड. तिथे 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा, दोन पर्याय येतील, त्यातला कन्व्हर्टवाला पहिला निवडा, रिमूव्हवाला नाही. मग यादीतून ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्स या दोनच ओळी काढायच्या. सिस्टम आणि अॅडमिनिस्ट्रेटर्सला हात लावू नका. आणि अॅड करून स्वतःच्या अकाउंटचं नाव घाला, फुल कंट्रोल द्या, हे विसरलात तर तुमचंच हिशेबाचं सॉफ्टवेअर फाइल उघडताना अडेल. आधी एका रिकाम्या फोल्डरवर करून बघा, आणि त्याहून आधी ताजा बॅकअप घ्या. सिक्युरिटीचा टॅबच दिसला नाही तर ड्राइव्ह एनटीएफएस (अशा परवानग्या लावता येणारा विंडोजचा फॉरमॅट) नाही असं समजा, मग इथे विचारा.

अजून एक, पोरं उठली की साइन आउट करायला सांगा, नुसतं स्विच युजर केलं तर त्यांचा गेम मागे चालूच राहतो आणि ४ जीबी रॅमच्या मशीनचा जीव जातो.

रात्रपाळी
हे डी ड्राइव्हचं मी सांगायला हवं होतं, सुटलंच. धन्यवाद दादा.

उंबरठा
जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) टाकून द्या पाहुण्यांना, लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, लॉगआउट केलं की त्या सेशनमधलं सगळं पुसलं जातं. लायब्ररीत असंच ठेवलंय आम्ही. विंडोजमध्ये आपोआप पुसलं जात नाही, तिथे अधूनमधून पाहुणे अकाउंट डेटासकट डिलीट करून परत करावं लागतं, दोन मिनिटांचं काम आहे.

खतावणी
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री केलं. आधी पासवर्ड (खरंच नव्हता!), मग पाहुणे अकाउंट, मग दादांनी सांगितलं तसं फोल्डर. पाहुणे मधून लॉगिन करून स्वतःच हिशेबाचं फोल्डर उघडायला गेले तर परवानगी नाही म्हणून खिडकी आली, इतकं बरं वाटलं.

मग माझं डाउनलोड्स साफ करायला घेतलं आणि हादरले. बिल्डिंगमधल्या सात मुलांची कागदपत्रं तिथे पडून होती, आधार, जातीचे दाखले, नॉन क्रिमीलेयर, एकाच्या वडिलांच्या बँक पासबुकाचं पहिलं पान. दोन वर्षं. मी माझ्याच डेटाची काळजी करत बसले आणि यांचे कागद माझ्याकडे असे उघडे. सगळं रिसायकल बिनसकट काढलं. क्रोममध्ये दोघांचे पासवर्डही सेव्ह झालेले, ते काढून त्यांना फोन करून बदलायला सांगितले.

आता प्रिंटरजवळ कागद चिकटवलाय, काम झालं की आपली फाइल डिलीट करा आणि साइन आउट करा म्हणून. दर रविवारी बॅकअप घेताना पाहुणे पण नवीन करणार. @दुरुस्तीवाला दादा, स्कॅनरचं सॉफ्टवेअर पाहुणे मधून उघडतंय पण स्कॅन माझ्या डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करायला जातंय आणि अडतंय, तो पत्ता कुठून बदलायचा?

दुरुस्तीवाला
सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमध्ये सेव्हची जागा असते. पाहुणे मध्ये लॉगिन असतानाच बदला, पाहुण्यांच्या डेस्कटॉपवर द्या. समोर दिसलं की पोरं डिलीटही करतात.