विमान येलालंय बे! – सोलापूरकरांनो, तुमचे विमानाचे किस्से सांगा

होटगीरोडकर

परवा आसरा चौकात चहा घेत उभा होतो. डोक्यावरून विमान गेलं. चहावाल्यानं मान वर केली नाही, गाळणं आपटलं आणि पुढच्याला कप दिला. मला उगीच वाईट वाटलं.

आमच्या लहानपणी नुसती घरघर ऐकू आली तरी "विमान येलालंय बे!" म्हणून अख्खी गल्ली गच्चीवर. अर्धं जेवण ताटात. दहातल्या आठ वेळा ते कुणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर निघायचं, तरी आम्ही हात हलवायचो. पुढारीही मतदार समजून हलवत असेल. पंधराएक वर्षांपूर्वी लाल शेपटीची एक मुंबई सेवा थोडे दिवस चालली. तेव्हा वडील मला रोज स्कूटरवरून कुंपणापाशी न्यायचे. ती बंद झाली हे मला कुणी सांगितलंच नाही. आम्ही पुढे आठवडाभर जात होतो.

आता ९ जून २०२५ पासून गोव्याला एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) जातं, मुंबईही सुरू झाली. पण ज्या गावाला इतकी वर्षं विमान नव्हतं तिथं विमानवेडी माणसं निपजली कशी, हे मला ऐकायचंय. विमानात बसलेलं असायलाच पाहिजे असं काही नाही.

अट एकच. तिकिटाचे भाव, सेवा कुणामुळे रखडली, विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी कुणी पाडली, हे इथं नको. त्यासाठी पार्क चौक आहे.

बारशीचा_एअरमन

सेवानिवृत्त. मिग-२१ वर बारा वर्षं हात काळे केले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याचा निरोप समारंभ झाला, तो टीव्हीवर पाहिला. १९६३ पासूनचं विमान, माझ्यापेक्षा थोडंसंच लहान. नातू म्हणाला, आजोबा, रडलालाव का? म्हटलं, कांदा चिरलालोय. हातात रिमोट होता.

नळदुर्ग_रोड

माझ्या आजीचा किस्सा. आमचं गाव तेव्हाच्या निजामाच्या हद्दीला लागून. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौजा नळदुर्गाच्या दिशेनं गेल्या, तेव्हा आजी चौदा वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली. सासू-सुना भुईमुगात खुरपत होत्या. आधी आवाज, मग डोक्यावरून विमानं, इतकी खाली की पोटाखालचा भाग दिसला म्हणते.

आजीनं तोवर विमान हा शब्द ऐकला होता तो कीर्तनात. तुकोबांना वैकुंठाला न्यायला आलं ते. सासूबाईंचंही तेच. त्यांनी खुरपं खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि आजीला म्हणाल्या, "वाक गं, कुणाला तरी न्यायला आलंय." आजी वाकली. पण वाकून तिनं एका डोळ्यानं वर बघितलं, आणि ते एक नसून तीन आहेत हे तिला खटकलं. एवढे संत एकदम कुठून आले?

संध्याकाळी कुणीतरी सांगत आलं की ही आपल्या सरकारची आहेत आणि निजामाच्या फौजेवर बॉम्ब टाकायला गेलीत. सासूबाईंनी नमस्कार परत घेतला नाही. म्हणाल्या, "न्यायलाच आली होती की."

मी मोठेपणी वाचलं, त्या कारवाईत पुण्याहून हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं यायची. तीच असावीत. आजीला उत्साहानं सांगितलं, तू टेम्पेस्ट पाहिलंस! ती म्हणाली, "टेम्पो?"

होटगीरोडकर

नमस्कार परत घेतला नाही!! हे वाक्य मी आज तीन जणांना सांगणार आहे.

उजवी_खिडकी

मला अनुभव नाही, प्रश्न आहे. गोव्याला जाताना बसलो, उजव्या बाजूचा पंखा ठार बंद, पण इंजिनाचा आवाज चालू. शेजारचे काका म्हणाले, "बिघडलंय, उतरू या." मीही बॅग काढायला लागलो होतो. नेमकं काय असतं ते?

हँगरमधला

हा माझा प्रांत. काका, बिघडलेलं नसतं.

मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. विमान जमिनीवर उभं असताना एसी आणि वीज त्यावर चालते. एटीआर ७२ मध्ये ते नाहीच, वजन वाचवलंय. त्याऐवजी उजवं इंजिनच चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता चहा येणार.)

इंजिन चालू आणि पंखा थांबलेला, हे जमतं कसं? पंखा फिरवणारं टर्बाइन वेगळ्या दांड्यावर असतं. इंजिनाच्या बाकीच्या भागाशी त्याची दातेरी जोडणी नाही, मधून फक्त गरम वायू वाहतो. एक टेबल फॅन चालू करा, समोर दुसरा बंद फॅन ठेवा. वाऱ्यानं दुसऱ्याची पाती फिरायला लागतील. ती बोटानं धरून ठेवली तरी पहिला फॅन चालूच राहतो, त्याला काही फरक पडत नाही. तसंच. आणि उजवंच का, तर प्रवासी मागच्या डाव्या दारानं चढतात. तिकडे पंखा फिरत असला तर धोका.

मी जुळे सोलापूरचा, सध्या बंगळुरूला असतो. गावाकडं येताना अजून सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वेळा डोक्यात असतात. मुंबईला मुळीच जायचं नसलं तरी.

शेंगाचटणी

माझं नाव बघून कळलंच असेल किस्सा कशाचा.

भाचीचं डोहाळजेवण मडगावला. सासूबाई वय ७६, पहिलाच विमानप्रवास. दोन दिवस आधीपासून सामान. शेंगाचटणी दोन किलो, कडक भाकरी चाळीस, आणि ओटीचं सगळं एका पिशवीत: हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, खोबऱ्याच्या पाच वाट्या. चटणी-भाकरी मोठ्या बॅगेत गेली. ओटीची पिशवी सासूबाईंनी छातीशी धरलेली. तपासणीला मशीनवाल्या साहेबांनी विचारलं, यात काय? मी म्हटलं, सुकं खोबरं. ते म्हणाले, हे चालत नाही. केबिनमध्येही नाही आणि बॅगेतही नाही.

मला वाटलं गंमत करतायत. नाही हो, खरंच आहे. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते बंद जागेत आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत बसवलंय. आयुष्यभर ज्या डब्याला मी फक्त मुंग्यांपासून जपत आले, तो डबा स्फोटकांच्या पंगतीत!

सासूबाई काही हलेनात. "ओटी काय खोबऱ्याबिगर भरायची?" मागं रांग. साहेब वैतागतील असं वाटलं, पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, गोव्याला खोबरं घेऊन चाललाय?"

सासूबाई दोन सेकंद गप्प. मग स्वतःच फिस्सकन हसल्या आणि पिशवी माझ्या नवऱ्याकडं परत धाडली. तो बाहेर अजून उभाच होता. पण तिकडे गेल्यावर गोव्याच्या खोबऱ्याला नावं ठेवलीच, ते वेगळं.

ता.क. चाळीस भाकरींपैकी अखंड पोचल्या अकरा. उरलेल्यांचा चुरा केला, त्यावर दही आणि चटणी. तिकडची मंडळी त्याला सोलापुरी डिश समजून रेसिपी मागत होती. मी दिली.

वाळवण_अँटेना

माझा छंद घरात कुणाला मान्य नाही. विमानं सतत १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग ओरडून सांगत असतात. संगणकाला लावायचं एक छोटं रिसीव्हर घेतलं की कुणालाही ते ऐकता येतं. अँटेना मी घरीच केली. त्या लहरींची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग म्हणजे ६.९ सेंटिमीटर. सायकलची स्पोक तेवढी कापली, संपलं.

आपल्याकडं उंच इमारती कमी, सगळ्या सपाट गच्च्या, त्यामुळं मला दोनशे-अडीचशे किलोमीटरवरचं विमान दिसतं. मुंबई-हैदराबाद, मुंबई-चेन्नई ही सगळी वाहतूक आपल्या आसपासच्या आकाशातून जाते. रात्री झोप नाही आली की बघत बसतो, कोण कुठं चाललंय.

यंदा एप्रिलमध्ये एके दिवशी हैदराबादकडचं सगळं आकाश रिकामं. मी घाबरलो, बातम्या लावल्या, काहीच नाही. गच्चीत गेलो तर बायकोनं अँटेनाच्या काठीपासून टाकीपर्यंत दोरी बांधून चार ओल्या चादरी वाळत टाकलेल्या. सोलापुरी चादर रेडिओलहरी अडवते हे प्रयोगानं सिद्ध. तिला म्हटलं तर म्हणाली, "मग कुरडया कुठं घालू तेही तुझ्या विमानाला विचार."

पूर्वभाग_विणकर

आमच्या घरात तेलुगू, कारखान्यात मराठी-तेलुगू, भांडण मात्र हिंदीत. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. नान्ना चादरीच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ काढायचे. जेकार्डचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची. ग्राफची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचा एक पत्ता. कुठं भोक आहे, कुठं नाही, त्यावरून मागावरचा ताण्याचा, म्हणजे उभा, कोणता धागा उचलायचा ते ठरतं. असे शेकडो पत्ते दोरीनं ओवून मागावर टांगायचे.

नान्नांना विमानाचं वेड. विमानात बसले नव्हते, पण पेपरात फोटो आला की कापून ठेवायचे. एकदा मालकांनी लहान मुलांच्या चादरीसाठी काहीतरी नवीन काढायला सांगितलं. मोर, हत्ती झाले होते. नान्ना म्हणाले, विमान. मालक म्हणाले, काढ.

अडचण ही की जेकार्डला तिरकी रेघ येत नाही. तिरकी काढली की तिच्या पायऱ्या होतात. मोराचं खपून जातं, पिसारा काय, कसाही चालतो. पण विमान म्हणजे सगळी तिरकी कामं. पंख तिरका, शेपूट तिरकं, नाक गोल. नान्ना रोज रात्री दिव्याखाली ग्राफ घेऊन बसायचे, खोडायचे, परत काढायचे. पंखाच्या पायऱ्या लहान केल्या तर पंख आखूड व्हायचा. लांब केला तर जिना दिसायचा. तीन आठवडे गेले. आईनं ग्राफकडं बघून एकदा एवढंच विचारलं, "मासा छान आलाय, कुणासाठी?"

नान्ना दोन दिवस बोलले नाहीत.

चादर निघाली. व्यापाऱ्यानं पाहिली, आवडली, आणि मासा डिझाइन म्हणून माल उचलला. बरी खपली म्हणतात. आमच्या घरात दोन आहेत. मी आणि भाऊ त्या विमान म्हणून पांघरत वाढलो.

गेल्या दिवाळीत नान्नांना गोव्याला नेलं. खिडकीची जागा दिली. एटीआरचा पंख वर असतो, खिडकीतून त्याची खालची बाजू आणि कड दिसते. विमान उडालं, खाली शेतं, तलाव, मी बोट दाखवतेय आणि हे मान वर करून पंखच बघतायत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पायऱ्या नाहीत याला."

नळदुर्ग_रोड

ताई...

बापूजींचा_चाहता

विषय निघालाच आहे तर आठवण करून देतो, राइट बंधूंच्या आधी १८९५ साली आपल्या मराठी माणसानं, शिवकर बापूजी तळपदे यांनी, चौपाटीवर विमान उडवलं होतं!

हँगरमधला

दादा, मलाही आवडलं असतं. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. आणि ज्या प्राचीन विमानविद्येचा दाखला देतात, त्या आराखड्यांचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली अभ्यास केला. निष्कर्ष: ही यंत्रं उडणार नाहीत. अभिमानच पाहिजे तर जेआरडी टाटा घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन एकटे विमान चालवत जुहूला उतरले. आपली मुंबई सेवा सुरू झाली तीही १५ ऑक्टोबरलाच, २०२५ च्या.

बापूजींचा_चाहता

पुरावा नाही म्हणजे झालंच नाही असं नव्हे.

होटगीरोडकर

पार्क चौक, पार्क चौक!

मोहोळकर

२०१८-१९ च्या पावसाळ्यात सोलापुरातून एक विमान उडायचं, कृत्रिम पावसाच्या संशोधनाचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा प्रयोग होता. पंखाला नळकांड्या, त्यातून कॅल्शियम क्लोराइडचा धूर ढगाच्या तळाशी सोडायचे. त्या कणांना पाणी चिकटतं, थेंब लवकर मोठे होतात, असा हिशोब.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला. सुट्टीत गावी गेलो की विमान दिसलं रे दिसलं, मी खूश आणि आमचे काका बांधावर उभे राहून त्याला शिव्या घालणार. गावाची ठाम समजूत, हे विमान ढग पळवून लावतं. मी काकांना बसवून सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "मग आपल्या रानावर का न्हाई पडला?"

म्हटलं, काका, तो प्रयोग आहे. काही ढगांवर फवारतात, काही मुद्दाम तसेच सोडतात. तुलना कशी करणार नाहीतर? हे सांगायला नको होतं. "म्हंजी मुद्दाम सोडत्यात!" दुसऱ्या दिवशी पारावर हीच बातमी.

पुढं निकाल आले. २७६ ढग तपासले होते, फवारलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. फोन करून काकांना सांगितलं. "बरं. माझ्या दीड एकरावर किती, तेवढं सांग."

माळरान

मी पक्षीवाला, चुकून आलोय. बोरामणीच्या नव्या विमानतळाचा विषय काढत नाही, अट वाचली आहे.

नान्नजच्या माळावर पहाटे माळढोकाचा नर उडताना पाहिला होता. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक, पंधरा किलोपर्यंत भरतो. असा भुर्रकन उठत नाही. आधी पळतो, पंख पसरतो, आणखी पळतो, मग पाय सुटतात. मी श्वास धरून होतो, उठतंय की नाही. तुम्ही कुंपणापाशी उभे राहून जे बघता ते हेच ना? त्याला बरीच वर्षं झाली. नंतर खूप वेळा गेलो, कुसळं तेवढी मिळाली पँटीला.

वाळवण_अँटेना

पूर्वभाग ताई, ती मासा-विमान चादर अजून कुठं मिळेल का? पाहिजे तर आगाऊ पैसे देतो. गच्चीत वाळत घालणार नाही, शप्पथ.

पूर्वभाग_विणकर

नान्नांना विचारलं. पत्ते माळ्यावर आहेत म्हणाले. जाऊन बघून आले. शेपटाकडचे उंदरांनी खाल्लेत. म्हणतायत, "बिनशेपटाचं चालत असेल तर विचार त्यांना."